रिकाम्या गाडीवरचं लायसन

हेवीचं लायसन हातात पडलं तेव्हा माल भरलेला ट्रक मी एकदाही चालवलेला नव्हता. बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं, ड्रायव्हर लोकांना वाटत नाही. शिकायची गाडी रिकामी, सरावाची रिकामी आणि परीक्षेचीही रिकामीच. तरी मी रीतसर शिकलो होतो. मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरला, फी भरून, हजेरी लावून. जुलै २०२१पासून अशा सेंटरांसाठी नवे नियम लागू झाले. हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा, पडद्यावर गाडी चालवायचं सिम्युलेटर पाहिजे, स्वतःचा ट्रॅक पाहिजे, आणि तिथून पास झालं की आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षातही बरंच चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी तक्रारी करणार आहे.

मी बीड जिल्ह्यातला, केजकडचा. आमच्या भागात ट्रकवर जायची वाट पूर्वी एकच होती. पोरगं दहावीला अडकलं की ओळखीच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढायचं. टायर ठोकायचे, ताडपत्री बांधायची, काच पुसायची, उस्तादच्या जेवणाखाण्याचं बघायचं आणि शिव्या खायच्या. वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या रात्री रस्ता मोकळा असायचा, उस्तादचे डोळे जड झालेले असायचे आणि स्टेअरिंग हातात यायचं. बेकायदा, अर्थातच. पण तोवर त्या पोरानं भरलेली गाडी कशी सुटते, कशी थांबते, घाटात कशी कण्हते हे शेजारी बसून अंगात मुरवलेलं असायचं. आता ती वाट बुजत चालली आहे. क्लीनरचा पगार परवडत नाही म्हणून मालक एकट्या ड्रायव्हरच्या ताब्यात गाडी देतात. शिकायची सीट गेली, नवा ड्रायव्हर मात्र लागतोच.

माझ्याकडं आधी पिकअप होता. भाजीपाला घेऊन रात्री निघायचं आणि पहाटे संभाजीनगरला जाधववाडीच्या मार्केटला उतरवायचा. हलक्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४मध्ये पक्कं केलं. त्याच्या वर गेलं की वेगळं लायसन. त्यासाठी वय २० पूर्ण पाहिजे आणि हलकं लायसन किमान वर्षभराचं पाहिजे. आठवी पासची अट होती, ती २०१९मध्ये काढली. मी बी.ए. असल्यामुळं त्या अटीचा मला प्रश्न नव्हता. प्रश्न वडिलांना होता, की बी.ए. होऊन ट्रकच चालवायचा तर एवढी वर्षं एसटीचा पास कशाला काढला. त्या वादात आत्ता शिरत नाही.

आमच्या वर्गात सगळ्या वयाची माणसं होती. दोघं-तिघं माझ्यासारखे टेम्पो-पिकअपवाले, काही ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचे, आणि परळीकडचा एक जण, जो थर्मल वीज केंद्राच्या राखेच्या गाड्यांवर कित्येक वर्षं क्लीनर होता. त्याला खरं तर सगळंच येत होतं. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा आणि सर काही बोलले की हलकेच हसायचा.

सर एसटीतून रिटायर झालेले. त्यांच्या टेबलावर ब्रेकचा एक चेंबर होता, मधोमध कापलेला, आतलं सगळं दिसेल असा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "चालत्या गाडीतली ब्रेकची सगळी हवा गेली तर काय होईल?"

सगळे म्हणाले, ब्रेक लागणार नाही. पिकअपवाल्यांचा तोच हिशेब. पायाखालचं पेडल पोकळ जाणार, गाडी सुसाट जाणार.

परळीवाला मागून म्हणाला, "मागची चाकं जाम व्हतील."

"का?"

"का म्हंजे? व्हत्यात. हवा भरल्याबिगर गाडी जागची हालत न्हाई."

सरांनी तो कापलेला चेंबर उचलून त्याच्या हातात दिला. आत मनगटाएवढी जाड स्प्रिंग होती. पायानं ब्रेक दाबला की हवा पडद्याला ढकलते, त्याला जोडलेला दांडा पुढं सरकतो आणि ड्रमच्या आत ब्रेक-शू फाकतात. हा झाला पायाचा ब्रेक. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये याशिवाय ही स्प्रिंग असते, आणि तिचं उलटं आहे. तिला हवेनं दाबून धरलेलं असतं. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लावून मोकळी होते. पार्किंग ब्रेक ओढताना जो फुस्स आवाज येतो, तो तिला दाबून ठेवणारी हवा सोडून दिल्याचा. परळीवाल्यानं ती स्प्रिंग बराच वेळ बोटानं चाचपली. वर्षानुवर्षं तो सकाळी गाडी चालू करून हवेच्या मीटरचा काटा वर येण्याची वाट बघत बसला होता, पण कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर बसायला लागला. हसणं काही थांबलं नाही.

त्याच तासाला सरांनी ड्रमचं सांगितलं. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. मग दांड्याला जास्त अंतर कापावं लागतं. वर शूवरच्या लायनिंगची, म्हणजे घासणाऱ्या थराची, पकडही तापून कमी झालेली असते. उतारावर ब्रेक दाबत-सोडत गेलं तर हवाही खर्च होते आणि कॉम्प्रेसर ती भरून काढेस्तोवर काटा खाली येतो. म्हणून ब्रेक फेल झाला असं जे आपण पेपरात वाचतो, ते बऱ्याच वेळा फेल झालेलं नसतं, वापरून संपवलेलं असतं. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आजही वही आहे.

बाकीचा अभ्यासक्रम मी पटकन सांगतो, कारण तिथं सांगण्यासारखं कमी होतं. चिन्हं, प्रथमोपचार, कागदपत्रं, ई-वे बिल. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाडीत युरिया कशाला घालतात ते. युरिया संपला तर इंजिन आपोआप ताकद कमी करतं, हे ऐकून दोघं जण दचकले. गाडी ओढेना म्हणून त्यांनी आधी मेकॅनिककडं पैसे घातले होते. सिम्युलेटरवर धुकं, पाऊस, अचानक आडवी आलेली म्हैस असं सगळं होतं. मला त्यात अर्ध्या तासानं मळमळायचं. ट्रॅकवर मात्र मजा यायची. रिव्हर्स, चढावर थांबवून मागं न सरकता पुन्हा उचलणं, अरुंद वळणावर मागची चाकं आतून कशी कापतात ते शंकू पाडून-पाडून शिकणं. आरशांत न दिसणाऱ्या जागा दाखवायला सरांनी आम्हालाच गाडीभोवती उभं केलं आणि एकेकाला केबिनमध्ये बसवून विचारलं, "किती जण दिसतात?" डाव्या अंगाला दरवाज्याखाली उभा राहिलेला माणूस कुणालाच दिसला नाही. ते मी विसरणार नाही.

वर्ग खो-खो हसला तो एकदाच. तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्याप्रमाणं ड्रायव्हरला दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं सरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा. सरही हसले. मग म्हणाले, "हसा, पण लिहून घ्या."

लायसन आल्यावर ओळखीतून जालन्याच्या एका मालकाच्या गाडीवर जागा मिळाली. पगार नाही, फक्त भत्ता. दुसरा ड्रायव्हर म्हणून उस्तादच्या शेजारी बसायचं, ते म्हणतील तेव्हा चालवायची. दहा टायरी गाडी. जालन्यातून सळई भरायची आणि लातूरला उतरवायची, परतीला मिळेल तो माल. उस्ताद साठीला टेकलेले, शाळेचं तोंड न पाहिलेले, आणि मला पहिल्या दिवसापासून 'कॉलेज' म्हणणारे.

वर्गात सगळं गाडीबद्दल होतं. मालाबद्दल जवळजवळ काहीच नाही. आणि इथं पहिला अर्धा दिवस मालातच गेला. कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचा, रिकाम्या गाडीचा काटा, म्हणजे वजन, करायचा, क्रेनखाली गाडी लावायची, भरून पुन्हा काटा, बिल्टी म्हणजे मालाची पावती, मग बांधणी. उस्ताद स्वतः वर चढले. सळईचे बंडल केबिनच्या मागच्या पत्र्याला कसे टेकलेत ते बघितलं, एक चेन सोडवून पुन्हा आवळायला लावली. क्रेनवाला वैतागला. उस्ताद मला म्हणाले, "ब्रेक मारल्यावर गाडी थांबती, सळई थांबत न्हाई. ती कुठं येणार? आपल्या पाठीत." एवढं बोलून त्यांनी पुन्हा चेन हलवून बघितली.

अंबड सोडल्यावर त्यांनी मला स्टेअरिंग दिलं. सेंटरच्या ट्रॅकवर मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायचो, रिकामी असल्यामुळं ती उचलायचीही. इथं पहिल्यात टाकून क्लच सोडला तर गाडीनं आधी विचार केला आणि मग हलली. रिकामी दहा टायरी नऊ-दहा टनांची. भरून, २०१८च्या वाढीव मर्यादेप्रमाणं, साडेअठ्ठावीस टन. वेग तोच असला तरी ब्रेकला जवळजवळ तिप्पट काम. हा हिशेब मला तोंडपाठ होता आणि तरी वडीगोद्रीच्या अलीकडं समोरची एसटी थांबली तेव्हा माझा पाय जायला हवा होता त्याच्या फार उशिरा ब्रेकवर गेला, असं मला वाटलं. उस्तादना तसं वाटलं नव्हतं. त्यांनी मला आधीच दोनदा "सोड, सोड" म्हणून ॲक्सिलेटरवरून पाय काढायला लावला होता, एसटी थांबणार हे तिच्या थांब्याआधीच ओळखून. थांब्यावर माणसं उभी राहिलेली त्यांना लांबून दिसली होती. मला एसटीचे ब्रेकलाईट दिसले होते.

"भरलेली गाडी म्हंजी उतारावर निघालेली बैलगाडी," ते म्हणाले. "बैल थांबले तरी गाडी ढकलतीच."

गिअर कधी बदलायचा ते सरांनी आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या, मीटरवरच्या हिरव्या पट्ट्यावरून शिकवलं होतं. मी तो पट्टा बघत होतो. उस्तादनी हातातला रुमाल मीटरवर टाकला. "मीटरकडं काय बघायलास? रस्त्याकडं बघ. गाडीला कान दे." शहागडचा गोदावरीचा पूल येईपर्यंत मी कानावर गिअर बदलत होतो, अर्धे चुकत, अर्धे बरोबर. गेवराईच्या पुढं रुमाल काढला, तेव्हा काटा हिरव्यातच होता. म्हणजे दोघंही एकच सांगत होते. पण कान तयार व्हायला पाठीमागं वजन लागतं. रिकाम्या गाडीचं इंजिन कुठल्याही गिअरमध्ये खूशच असतं, ते काही सांगत नाही.

बीड सोडलं की मांजरसुंब्याचा घाट. चौपदरी झाल्यापासून कारवाल्यांना तो घाट आहे हे कळतही नाही. जाताना चढ होता, ते निभलं. खरा धडा परतीला होता. लातूरहून सोयाबीनची पेंड भरली होती. अंबाजोगाई, केज करत मांजरसुंब्याच्या चौकात आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. उस्तादनी उताराच्या आधी, सपाटीवरच गाडी हळू करायला लावली. "ज्या गिअरात वर चढली असती, त्याच गिअरात खाली." हे वाक्य सरांनीही वर्गात जसंच्या तसं म्हटलं होतं. फरक एवढाच, की वर्गात मला वाटलं होतं हे उतारावर करायचं असतं. प्रत्यक्षात उतार दिसायच्या आधी करायचं असतं. एकदा उतार लागला की वजन ढकलायला लागतं, गिअर खाली पडत नाही, आणि मध्येच न्यूट्रलला अडकलो तर मग परत कुठलाच गिअर घेत नाही. इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा एक्झॉस्ट ब्रेक लावला, गाडी गुरगुरत उतरली. पायाचा ब्रेक मी क्वचित दाबला. मागून कारवाले हॉर्न मारत होते. उस्तादनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना जा म्हटलं आणि तंबाखू मळायला घेतली.

खाली आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरून एकेका चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू नेली, न टेकवता. सगळ्या चाकांना सारखीच धग पाहिजे. एखादं जास्त तापलं तर तिथं ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग खराब होतंय. एखादं गारच राहिलं तर तिथं ब्रेक लागतच नाही, आणि त्याचं काम बाकीचे करतायत. मला तापलेलं चाक माहीत होतं. गार चाकाचं हे मी पहिल्यांदा ऐकलं.

पण उस्ताद म्हणतील ते सगळं बरोबर, असंही नाही. इथं मला जुन्या वाटेबद्दल जी माया आहे ती थोडी बाजूला ठेवतो.

घाटात गिअर न सोडणारा हा माणूस लांबच्या हलक्या उतारावर बिनधास्त न्यूट्रल करायचा. का, तर डिझेल वाचतं. मालकानं ॲव्हरेजवर बक्षीस ठेवलेलं. सरांनी सांगितलं होतं की आताच्या इंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलेटर सोडला की इंजेक्टर डिझेल तोडतात, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे धोकाही जास्त आणि खर्चही जास्त. मी हे बोललो तर उस्ताद म्हणाले, "तीस वर्सं वाचवलंय डिझेल, तू मला शिकव." वाद घातला नाही. आमच्या गाडीच्या डिस्प्लेवर चालू ॲव्हरेज दिसतं. एका उतारावर मी चालवत होतो, गिअरमध्येच पाय काढला आणि बोटानं डिस्प्ले दाखवला. पुढच्या उतारावर न्यूट्रल करून पुन्हा दाखवला. ते काही बोलले नाहीत. नंतर त्यांच्या पाळीत, मी झोपलोय असं समजून, त्यांनी एका उतारावर दोन्ही करून बघितलं.

टायरचंही तसंच. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, ही प्रत्येक ड्रायव्हरची विद्या. जोडचाकांतलं एक साफ बसलेलं असेल तर आवाज नक्की वेगळा येतो. पण हवा थोडी कमी असेल तर आवाज फसवतो. मी गेज घेऊन फिरायचो म्हणून थट्टा व्हायची. एकदा आतल्या अंगाच्या टायरला गेज लावलं तर हवा बरीच कमी निघाली, ठोकल्यावर मात्र बाकीच्यांसारखाच टणक वाजत होता. आतला टायर दिसत नाही, बाहेरचा टायर त्याचाही भार पेलतो, आणि तापतो. समृद्धीवर हे जास्त महाग पडतं. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५मध्ये पूर्ण झाला. जालना-संभाजीनगरच्या गाड्या आता नागपूरकडं तिकडूनच जातात. सिमेंटचा सरळ रस्ता, ट्रकला ८०ची मर्यादा, आणि तासन्‌तास पायाला काही कामच नाही. टायर तापतात, डोळे मिटतात. त्या रस्त्यावर शिकण्यासारखं काय, असं मला वाटलं होतं. उस्ताद तिथं सतत बोलत राहायचे, गावातल्या भानगडी, ऊसाचा भाव, पोरीचं लग्न, आणि मध्येच विचारायचे, "मागचा बोर्ड काय व्हता?" सांगता आलं नाही तर पुढच्या जागेला गाडी थांबवायची. ही त्यांची झोप मोजायची पद्धत. कुठल्याही अभ्यासक्रमात असायला हरकत नाही.

स्वतः मात्र ते तोंडावर पाणी मारून आणि तंबाखूवर रात्र काढायचे. आठ तासांचा कायदा मी त्यांना सांगितला तेव्हा तेही हसले, अगदी आमच्या वर्गासारखेच.

हंगामात केज-अंबाजोगाईकडं रात्री चालवणं हा एक वेगळा विषय आहे. कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर केबिनपेक्षा उंच ऊस, मागं ना दिवा ना रेडियम, आणि पुढं डेकचा आवाज असा की तुमचा हॉर्न त्याला ऐकू जाणं शक्य नाही. सिम्युलेटरमध्ये म्हैस आहे, हे नाही. उस्तादची खूण अशी, की रस्त्यावर ऊसाच्या कांड्या-पाचट सांडलेलं दिसायला लागलं की पुढं ट्रॉली आहे असं धरायचं. त्याआधी सोयाबीनच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर वाळवण, कडेला दगड मांडलेले. ते दगड काळोखात दिसत नाहीत. आमच्याच भावकीतली माणसं ते मांडतात, त्यामुळं मी याबद्दल घरी फार बोलत नाही.

एका गोष्टीवर वर्ग आणि रस्ता यांचं अजिबात जमत नव्हतं. अपघात झाला तर काय करायचं? वर्गात, थांबायचं, जखमीला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं. ढाब्यावर, थांबायचं नाही, जमाव जीव घेईल. जानेवारी २०२४ला नव्या भारतीय न्याय संहितेतल्या हिट अँड रनच्या, म्हणजे धडक देऊन पळून जाण्याच्या, दहा वर्षांच्या शिक्षेवरून ड्रायव्हरांनी संप केला, पंपांवर रांगा लागल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. ते कलम सरकारनं तेव्हा लागू केलं नाही. पण ढाब्यावर अजून त्याचीच चर्चा असते. उस्तादचं म्हणणं होतं, "गाडी सरळ ठाण्यात न्यायची. पळून जायचं न्हाई, पर तिथं थांबायचंबी न्हाई." मला वाटायचं हा कायदा मोडण्याचा सल्ला आहे. मग मी मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ स्वतः वाचलं. जखमीला मदत करण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर आहेच, पण जमावाच्या रागामुळं किंवा हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळं ते शक्य नसेल तर, अशी सवलत त्यातच लिहिलेली आहे. आणि पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जाऊन सांगायचं. म्हणजे उस्ताद जे अनुभवावर म्हणत होते त्यातलं बरंचसं कायद्यातच होतं. वर्गात ते अर्धंच सांगितलं गेलं होतं. मी त्यांना ते मराठीत समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग हे बोर्डावर का लिवत न्हाईत?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता आमच्या केबिनमध्ये रस्त्यावरच्या ठाण्यांचे नंबर आणि १०८, ११२ असा कागद चिकटवलेला आहे.

ओव्हरलोडबद्दलही थोडं. दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, हे मी वर्गात शिकलो. नाही कसं म्हणायचं, ते शिकलो नाही. एका ठिकाणी हुंडेकऱ्यानं, म्हणजे माल मिळवून देणाऱ्या दलालानं, "दोन टन जास्त घ्या, काय होतंय, दंड झाला तर मालक बघतील" म्हटलं. मी गप्प. उस्ताद म्हणाले, "दंड मालक भरंल. ब्रेक मला मारायचाय." मालकाला फोन झाला, थोडी बाचाबाची झाली, आणि माल काट्यात बसेल एवढाच भरला. दुसऱ्या एका खेपेला ते स्वतःच जास्त माल घेऊन आले, कारण दिवाळी तोंडावर होती. असं आहे ते.

परळीवाला आता ट्रेलर चालवतो. मध्येच फोन करतो, डॅशबोर्डवर अमुक दिवा लागलाय, काय म्हणतोय बघ म्हणून फोटो पाठवतो. मी त्याला कापसाच्या गाठी कशा बांधायच्या ते विचारतो.

मध्यंतरी सेंटरला गेलो होतो, सरांना भेटायला. म्हटलं, निदान शेवटच्या आठवड्यात गाडीत वाळूच्या गोण्या भरा, पोरांना वजन कळू द्या. सर म्हणाले की त्यांनीही हे मागितलं होतं. डिझेल जास्त, टायरची झीज जास्त, ट्रॅक उखडतो, आणि गोण्या भरायची-उतरवायची मजुरी कोण देणार. फीच्या पैशात बसत नाही म्हणे. मला ते पटलं नाही, पण त्यांच्याशी भांडण्यातही अर्थ नव्हता. कोर्स लावणाऱ्याला मी एवढंच सांगतो, पैसे भरायच्या आधी विचारा की एका गाडीवर किती पोरं असतात, प्रत्येकाच्या हाती स्टेअरिंग किती वेळ येतं, आणि रात्री एकदा तरी हायवेला नेतात का. उत्तर देताना समोरचा माणूस माहितीपत्रक पुढं सरकवायला लागला तर समजून घ्या.

माझ्या मावसभावाचं लायसन आता आलंय. त्याला दोन ठिकाणांहून एकट्यानं गाडी घेण्याबद्दल विचारणा झाली, पगारही बरा होता. मी नको म्हटलं. आधी भरलेल्या गाडीवर शेजारी बस म्हटलं. आमच्या मालकाला विचारलं तर ते म्हणाले, दुसऱ्या माणसाचा पगार कुठून काढू, भाडं काय वाढलंय का. त्यांचंही खोटं नाही. सेंटरचे पैसे शिकणारा भरतो, दुसऱ्या सीटचे कुणीच भरत नाही. शेवटी उस्तादनी मध्ये शब्द टाकला. भत्त्यावर घेतलाय, पगार नंतर. "नंतर म्हणजे कधी?" असं त्यानं विचारलं, तर मालक म्हणाले, उस्ताद सांगतील तेव्हा.